दुर्बिणीवरचा ओला डोळा

हे माझ्या सख्ख्या भावासोबत घडलंय. ऐकीव असतं तर मी लिहिलंच नसतं.

मागच्या वर्षीची चैत्र अमावास्या. दुधनी, मधुबन धरणाचा काठ.

भगवंतदादा सिल्वासात विज्ञान शिकवतो. मी खडोलीला प्लास्टिकच्या कंपनीत आहे. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून दुर्बीण उचलायला दादाने मला सोबत नेलं.

दक्षिणेला, पाण्याच्या थोडाच वर, एक तेजोमेघ दिसतो. त्यात एक अजस्र तारा आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो भडकला, तेव्हा लोकांनी तो पाहिलाही. पण त्यातला काही उजेड वाकड्या वाटेने गेला, लांबच्या धुळीवर आपटला आणि आत्ता कुठे आपल्यापर्यंत पोचतोय. प्रकाशाचा प्रतिध्वनी, असं दादा म्हणायचा. वेधशाळांच्या फोटोंत तो धुळीवरून सरकताना दादा वर्षभर बघत होता. आमच्या दुर्बिणीतून तेवढं दिसणार नव्हतं. पण तो मेघ तरी त्याला स्वतःच्या डोळ्याने बघायचा होता.

अंधार पडला. दादाने डोळा लावला...

आणि झटकन मागे घेतला.

"तू हात लावला का याला?"

मी नाही म्हटलं.

डोळा लावायची काच ओली होती. एवढ्या उकाड्यात दव कुठलं?

मी बोट लावून पाहिलं... कोमट. चिकट. बोट उचललं तर तार आली.

वास घेतला. बंद डब्यात आठवडाभर राहिलेल्या मासळीचा वास.

दादाने काच रुमालाने पुसली. पुन्हा ओली.

परत पुसली, तर रुमालावर बारीक केस आले. पांढरे, वाकडे... पापणीचे.

धरणावर बेडूक ओरडत होते. ते गप्प झाले. पाण्याचाही आवाज येईना.

मी म्हटलं, निघू या. दादा म्हणाला, मेघ सापडलाय, एकदाच बघतो. तो बघत राहिला. बराच वेळ.

मग हळूच म्हणाला, "गोकुळ... पलीकडून कोणीतरी डोळा लावलाय."

मी त्याला खांद्याला धरून ओढलं. डोळा काचेपासून सुटताना आवाज आला... चिखलातून पाय उपसताना येतो तसा.

मी तिथेच ओकलो.

दुसऱ्या दिवशी दादाचा उजवा डोळा सुजला. पिवळं पाणी वाहायला लागलं. प्रमिलावहिनी नाकाला पदर लावून कापसाने पुसायची. शेवटी आमलीतल्या डॉक्टरांनी पापणी उलटून चिमट्याने काहीतरी ओढलं. ओढतच राहिले...

पांढरा केस निघाला. वीतभर.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी म्हातारं माणूस आहे का. वहिनी नाही म्हणाली.

आता सूज उतरलीय. नजर चांगली आहे. दादा शाळेत जातो, हसतो, बोलतो.

पण ती पापणी लवत नाही. झोपेतही नाही. वहिनी म्हणते, दादा घोरत असतो आणि तो डोळा खोलीभर फिरत असतो...

परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पहिल्याच घासाला तो वास आला. मी ताट सारून उठलो, दारापर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं.

दादा खाली मान घालून भात कालवत होता. त्याचा डावा डोळा ताटाकडे होता.

उजवा माझ्यावर.