क्रमांक नसलेली प्लेट

माझं काम सांगायला लागले की लोकांना जांभया येतात, म्हणून थोडक्यात सांगते. श्वासनळीच्या पेशींना मीठ आत ओढणारी बारीक दारं असतात. आम्ही त्यांना आयन चॅनेल म्हणतो. काही आजारांत ती सताड उघडी राहतात, मिठामागोमाग पाणी जातं आणि छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो. ही दारं बंद करणारा एखादा छोटासा रेणू आम्हाला शोधायचा होता. सहा वर्षांत चारशे सोळा तपासून झाले होते. हाती भोपळा.

हाच आजार माझ्या ताईला आहे. ती दोन-तीन शब्द बोलते, थांबून श्वास ओढते, मग पुढचे दोन-तीन. फोनवर बोलण्यापेक्षा धापच जास्त ऐकू येते. तपासणीसाठी तिच्या श्वासनळीतल्या पेशी काढल्या, तेव्हा त्यातल्या थोड्या मी मागून घेतल्या. घरच्या माणसाच्या पेशी वापरायला आमच्याकडे सक्त मनाई. म्हणून प्लेटवर क्रमांक न घालता मी नुसता एक हिरवा ठिपका दिला आणि ती इनक्यूबेटरच्या मागच्या फळीवर दडवून वाढवली.

पेशींमधून वाहणारा विजेचा बारीक प्रवाह पडद्यावर रेघ होऊन दिसतो. ती रेघ सरळ असायला हवी. ताईची वरखाली होत होती. मी पंप तपासला, वायरी बदलल्या, एसीसुद्धा बंद केला. रेघ मिनिटाला अठ्ठावीस वेळा उठत राहिली, धाप लागल्यासारखी. सहज म्हणून ताईला फोन लावला. ती खोकली आणि रेघ उसळली. पुन्हा खोकली, पुन्हा उसळली.

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. आमच्या धंद्यात दुसरं काही म्हणायची सोय नसते.

मग चारशे सतराव्या रेणूचे थेंब टाकले. रेघ हळूहळू खाली आली, संथ झाली. मिनिटाला चौदा. अर्ध्या तासाने ताईचाच फोन.

"अगं, जिना चढले... न थांबता!"

मला रडू फुटलं. भीतीही वाटली, पण रडू जास्त होतं.

औषध लागू पडलं, एवढ्यावर आमचं भागत नाही. ते मिठाच्या पाण्याने तीनदा धुऊन काढायचं. रेघ पूर्वीसारखी झाली तरच निकाल खरा. सवयीने हात चालत गेले. तिसऱ्या धुण्याला रेघ पुन्हा धापा टाकू लागली.

फोन वाजला.

"छातीत कुणीतरी... खारट पाणी... ओततंय गं. तीनदा... ओतलं."

घाईघाईने मी रेणू परत टाकला.

त्यानंतर रोज सकाळी, इतर कुणी यायच्या आत, मी प्लेटला औषध देत असे. ताई भाजी आणायला एकटी जाऊ लागली. "हवा मानवली बहुतेक," ती म्हणायची, आणि मी हो ला हो करायचे. अशा पेशी फार तर दोन महिने तगतात. त्यापुढचा विचार मी टाळत होते.

एका सोमवारी इनक्यूबेटर उघडला. मागची फळी लख्ख पुसलेली होती.

"आज लवकर आलो, म्हटलं सफाई उरकून घ्यावी," प्रयोगशाळेची निगा राखणारे काका म्हणाले. नियमाला ते फार पक्के. "क्रमांक नसलेली एक प्लेट सापडली. बेवारशी पेशी ठेवायच्या नाहीत, तुम्हीच सांगता ना? ब्लीचमध्ये टाकली."

ताईला फोन लावला. चारदा वाजला.

"बोल गं," ताई म्हणाली.

ती हसत होती. शेजारणीची फजिती सांगायला लागली, मग नव्या पडद्यांचा रंग, मग लहानपणी मी तिचं दप्तर हौदात बुडवलं होतं ते. माझा जीव भांड्यात पडला. भिंतीला टेकून खाली बसले आणि ऐकत राहिले.

समोरच्या घड्याळात नऊ मिनिटं झाली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतका वेळ ती बोलत होती, आणि मध्ये एकदाही तिने श्वास घेतला नव्हता.