शाफ्ट निवेना

मे महिन्यातली दुपार. लोधीपुऱ्यातल्या ज्योत्स्नाच्या वर्कशॉपचे पत्रे तापून तडतडत होते. पेपर मिलमधले जुने फिटर यशवंतकाका सकाळीच रिक्षातून एक तुटलेला शाफ्ट घेऊन आले होते. त्याच्यावाचून मशीन बंद होतं. आधी दुसऱ्या दोन वर्कशॉपांत वेल्डिंग करून झालं होतं आणि दोन्ही वेळा निवताना जोड तडकला होता. स्टीलच तसं हट्टी होतं.

ज्योत्स्नाची रीत वेगळी होती. तांब्याच्या कॉइलने आधी स्टील आतून तापवायचं, मागोमाग लेझरने जोड घालायचा, मग कॉइल हळूहळू कमी करत बंद करायची. जोड सुरेख बसला. कॉइल बंद करून तिने तापमापक रोखला. तीनशे दहा.

अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं. तीनशे दहा.

तिने सेल बदलले. मग दुसरा तापमापक आणला. आकडा तोच.

बाकावर बसलेल्या यशवंतकाकांनी गमछा अंगाभोवती लपेटून घेतला. "ताई, एसी जरा कमी कर ना. ठंडी वाजून राहिली."

वर्कशॉपमध्ये एसी नव्हताच. जोडाला वारा लागू नये म्हणून पंखेही बंद होते.

तिने त्यांचा हात धरला. पहाटेच्या हापशाच्या दांड्यासारखा गार. तापमापक कपाळावर रोखला. एकोणतीस. जरा वेळाने सव्वीस. नखं काळसर पडत चालली होती. दवाखान्यात चला म्हणून तिने विनवलं, पण ते जागचे हलेनात. नजर शाफ्टवरच.

"त्याला निवू दे आधी," ते म्हणाले.

का कोण जाणे, ज्योत्स्नाने कॉइल पुन्हा चालू केली.

शाफ्ट तीनशे दहावरच राहिला.

यशवंतकाका सत्तावीस झाले. एकतीस. पस्तीस.

सदतीसला तिने कॉइल बंद केली.

त्यानंतर शाफ्ट रीतसर निवत गेला. संध्याकाळी तडे दाखवणारा लाल रंग लावून तिने तपासला, तर कुठे केसाएवढाही तडा नव्हता. काकांनी दोन कप चहा घेतला. दुपारी जरा डोळा लागला होता, म्हणाले.

शाफ्ट रिक्षात ठेवायला ते वाकले, तसा गमछा घसरला. मानेवर बोटभर रुंद, निळा-जांभळा पट्टा दिसला, वेल्डच्या कडेला तापलेल्या स्टीलवर उमटतो तसा. कसला तरी डाग लागला असेल म्हणून ज्योत्स्ना तो पुसायला गेली.

तिचं नख लागलं, आणि बारीकसा खणकन आवाज झाला.