सात नंबरची हाक

ऐका पोट्ट्याहो. शिवम, हसू नको बापा, हे माह्या मैत्रिणीच्या, कौशल्याच्या नातीवर गुदरलेलं आहे.

तिची नात प्रणाली परतवाड्याची, अमरावतीले कॉम्प्युटरच्या क्लासले होती. यंदाच्या कार्तिक अमावस्येचा दिवस. दुसऱ्या दिवशी दहाले तिची नोकरीची परीक्षा. नापास झाली तं बाप खुशालराव शिक्षण बंद करून घरी आणणार होता. म्हणून सांजच्याले सात वाजता ती सरापासून किल्ली घेऊन सरावाच्या खोलीत गेली. एकटीच.

मले शाळा नाई, तिनं समजावलं तसं सांगते. तिथं चार डब्बे तारांनी जोडलेले, राउटर म्हणतात त्याहिले. त्याहिले अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती अशा चिठ्ठ्या. निरोप कोणत्या वाटेनं न्यायचा, हे डब्बेच आपसात ठरवतात. दर दहा सेकंदाले हाक देतात, "मी आहो." चाळीस सेकंद हाक नाई आली की तो मेला समजायचा. प्रत्येकाचा नंबर न्यारा. एकच नंबर दोघांचा झाला की वाटा तुटतात.

प्रणालीचा डब्बा बडनेरा. सरानं तिले सात नंबर दिला होता.

वाट काही टिकेना. लागे, तुटे. लागे, तुटे. नऊ वाजले. तिनं सराले फोन लावला.

"सर, सात नंबर दोन ठिकाणून बोलून राह्यला."

"येडी झाली का? तुह्याच डब्ब्यात पाह्य."

"आधी कोणाचा होता हा नंबर?"

सर म्हणे, "देवानंदचा. तुले पास व्हायचं आहे ना? गुमान काम कर."

देवानंद म्हणजे त्या खोलीची देखभाल करणारा पोरगा. दिवाळीच्या सुटीत तिथंच मेला. चार दिवसांनी दार उघडलं तवा... जाऊ द्या, आत्ताच जेवले तुमी. सरानं फिनाईल मारलं अन् आठव्या दिवशी क्लास सुरू. त्याचाच डब्बा, त्याचाच नंबर पोरीले दिला. थू! मेलेल्याचं उष्टं ताट कोणी जित्यापुढं सरकवते का?

प्रणालीनं आपला डब्बा बंद केला. वायरच उपसली. दुसऱ्या डब्ब्यावर पाहत बसली.

दहा. वीस. तीस. चाळीस...

सात नंबर जिता.

हाक येऊनच राह्यली.

फिनाईलचा वास आला. त्याच्या खालून दुसरा. गोडसर. सडका. जिभेवर चढला. ती तिथंच ओकली.

पळाली असती... पण सकाळी परीक्षा. तोंड पुसलं.

"देवानंदभाऊ... तुमचा नंबर तुमाले. मी न्यारा घेते."

डब्बा चालू करून नऊ नंबर टाकला.

वाट जुळली. टिकली. अकोल्याचा निरोप अमरावतीले पोचला.

पोरगी पास झाली. दुसऱ्या सांजेले किल्ली द्याले गेली तं सराले म्हणे, "अकोल्याच्या डब्ब्यातून एक तार भिंतीत गेली. सात नंबरची हाक त्याच तारेनं येत होती. ती कुठं जाते?"

"कुठंच नाई," म्हणत सरानं ती ओढली. हातभर निघाली. टोक ओलं, चिकट. त्यात एक नख रुतलेलं.

"उंदराचं असन," सर म्हणे.

प्रणालीनं वाकून पाह्यलं. माणसाच्या अंगठ्याचं होतं. मुळासकट.