लाल फुली

छावणी बंद होणार होती. खर्च वाचवायचा म्हणे! वरून कागद आला, इथलं सगळं लांबच्या मोठ्या छावणीत हलवा, नको ते मोडीत काढा. आणि घोंगडं पडलं पेंटरकाकांच्या गळ्यात. न्यायचं त्यावर हिरवी फुली, मोडायचं त्यावर लाल. यादीत नुसते नंबर. काका कशाला डोकं चालवतायत? नंबर दिसला की मारली फुली. एकदा साहेबांच्या खुर्चीवर ओली हिरवी मारली, अन् साहेब टेकले. दिवसभर पार्श्वभागावर शिक्का घेऊन हिंडले बिचारे!

तरी साहेबांनी शब्द दिला होता, "काका, तुम्ही आमच्याबरोबर. तिकडं दोन खोल्यांचं क्वार्टर." काकूंनी तर पडद्यांचं कापडसुद्धा फाडून आणलं होतं.

शेवटच्या दुपारी साहेब म्हणाले, "मागची शेड राहिली. लाल मारून या. ट्रक थांबतोय."

बाहेर टळटळीत ऊन. पण शेडच्या उंबऱ्यात पाय टाकला अन् पायापासून गारठा चढला. ओल्या चुन्याचा वास... कपड्याच्या साबणाचा वास...

आत खाटांवर माणसं बसली होती. छावणीचा धोबी, आचारी, न्हावी. गेल्या आठवड्यात पहिल्या ट्रकनं, हात हलवत नव्या छावणीला गेलेली.

"अरे, तुम्ही तर गेलात ना?"

"निघालो होतो..." धोबी म्हणाला. ओठ हललेच नाहीत.

प्रत्येकाच्या पायाशी त्याची पत्र्याची ट्रंक. वर त्याचा हजेरीचा नंबर. अन् नंबरावर लाल फुली, शेपूट वर वळलेली. काकांच्याच हातची.

ट्रंका ओळीनं मांडल्या होत्या, नंबर यादीत होते, अन् काकांनी सपासप फुल्या मारत नेल्या होत्या. कपाटांच्या नंबरांत माणसांचे नंबर घुसवले होते की मेल्यांनी!

"मला काय ठाऊक रे..."

"आम्हालाही साहेब म्हणाले होते, तुम्ही आमच्याबरोबर..." आचारी पुटपुटला. "काका, शेवटचं पान बघितलंत?"

काकांनी यादीचं पान उलटलं. शेडच्या नंबराखाली त्यांचाच हजेरीचा नंबर. पुढं लिहिलेलं : लाल. बचत, दोन खोल्या.

रंगाचे डबे तिथंच टाकून काका धूम पळाले. फाटकाबाहेर ट्रक सुरू झाला होता.

"साहेब! ओ साहेब, थांबा!"

साहेबांनी मान वळवली. सरळ काकांच्या डोळ्यांत बघितलं.

"आत कोणी राहिलंय का, साहेब?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"कोणी नाही. लाव कुलूप."

काका फाटकाचे गज धरून ओरडत राहिले. ट्रक वळणाआड गेला, धूळ बसली, सगळं चिडीचूप झालं.

मग मागून, शेडच्या बाजूनं, फरशीवर लोखंडी खाट ओढल्याचा आवाज आला. कोणीतरी सरकून जागा करत होतं...