सतरा नंबरचं अंथरूण

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेलं आहे. माझी आत्या तोंडाची फटकळ होती, पण थाप तिनं जन्मात एकदाही मारली नाही.

साल मेइजी चौतीस, म्हणजे १९०१. जागा, ओसाकामधली एक सूतगिरणी. तारीख, बाराव्या महिन्याची तीन.

वेळ मात्र रात्रीची नव्हती... सकाळी सहाची होती.

आत्याचं नाव शिगे. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

आमच्या गावाकडे, युमिगाहामाच्या रेताड जमिनीत कापूस पिकायचा. घरोघरी चरखा असायचा. मग बाजारात गिरणीचं सूत आलं. स्वस्त आणि एकसारखं. दोन-तीन वर्षांत चरखे माळ्यावर गेले आणि ते फिरवणाऱ्या पोरी त्याच गिरण्यांमध्ये गेल्या. याला लोक प्रगती म्हणत होते. म्हणोत बापडे.

शिगेची एकच धडपड होती. धाकटी बहीण मिने, चौदा वर्षांची, तिला इथं येऊ द्यायचं नाही. गावी परतणाऱ्या प्रत्येक पोरीबरोबर ती घरी निरोप धाडायची. मिनेला पाठवू नका.

गिरणीत दोन पाळ्या चालत, सहा ते सहा. एकदा पाळी लागली की ती बदलत नसे. यंत्रं थांबवायची नाहीत असा मालकाचा नियम होता. आणि यंत्रं थांबत नाहीत म्हटल्यावर अंथरुणं तरी रिकामी का ठेवायची?

म्हणून एका अंथरुणावर दोन मुली. दिवसपाळीची रात्री झोपायची, रातपाळीची दिवसा.

शिगे रातपाळीला होती. तिचं अंथरूण सतरा नंबरचं. दोन महिने ती त्यात झोपत होती, पण त्यात रात्री झोपणारी कोण, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. सहाच्या भोंग्याला फाटकातून एक रांग बाहेर पडायची, एक आत जायची. त्या रेटारेटीत कोण कुणाचं तोंड बघतंय?

तरी शिगेला ती ठाऊक होती... उबेवरून.

रोज सकाळी रजई उचलली की आत गरम असायचं. नुकतंच कुणीतरी उठून गेलेलं.

त्या तीन तारखेला शेजारच्या अंथरुणातली सुए जांभई देत म्हणाली, "तुझी चैन आहे बाई. एकटीला अख्खं अंथरूण."

"एकटीला कुठलं? दिवसपाळीची आहे की."

"तात्सु? ती गेली ना."

"गेली म्हणजे? घरी?"

"खोकताना रक्त पडायला लागलं, म्हणून मागच्या खोलीत टाकली होती. तिथंच गेली. महिना होऊन गेला. तिच्या जागी अजून कुणी दिलेलं नाही."

शिगेनं हळूच रजईखाली हात घातला...

गरम होतं.

तुम्ही म्हणाल, पळत जाऊन कुणाला तरी सांगायचं होतं. सांगून काय झालं असतं? दुसरं अंथरूण नव्हतं. बाहेर बर्फ होतं आणि बारा तास उभं राहून पोटऱ्यांचे दगड झाले होते. ती मनात म्हणाली, असेल कुणी तर असो, गरम तर आहे.

आणि ती आत शिरली. रोज शिरत राहिली.

नव्या वर्षात, पहिल्या महिन्याच्या शेवटी, मिने आली.

निरोप पोचले होते. पण गिरणीचा माणूस त्याआधी पोचला होता आणि बापानं मान डोलावली होती. मिनेला दिवसपाळी मिळाली. राहायच्या खोल्या बघणारी ओकुमाबाई तिला एकतीस नंबरात टाकत होती. एकतीसची जोडीदारीण खोकायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

शिगेनं तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "बाई, तिला माझ्या अंथरुणात द्या. बहीण आहे माझी."

ओकुमाबाई म्हणाली, "सतरामध्ये? बघ बाई. मागून माझ्याकडे रडत यायचं नाही."

आत्याची चूक झाली ती इथं. खोकणाऱ्या जिवंत बाईपेक्षा ऊब देणारी मेलेली तिला बरी वाटली. त्या खोल्यांमध्ये राहिलेल्या कुठल्याही पोरीला तेच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिगे खोलीवर आली. मिने रात्रभर त्या अंथरुणात झोपून नुकतीच कामावर गेली होती. शिगेनं रजई उचलली...

आत गारठलेलं होतं.

कुणी झोपलंच नसल्यासारखं. ती अंगाचं मुटकुळं करून पडून राहिली. झोप आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकात दोन्ही रांगा शेजारी अडकल्या. मिने समोरच होती, खुशीत.

"ताई, बरं झालं तू रात्री कामावरून निसटून येतेस ते."

"कुठं येते?"

"अंथरुणात. पाठीला चिकटून झोपतेस ना. तू नसतीस तर थंडीनं मेलेच असते मी."

शिगे रात्रभर सुताच्या चात्यांपुढे उभी होती. तिच्या केसांत अजून कापसाची तुसं होती.

"मिने, ती मी नाही."

"बास की ताई. घरी पण अशीच भिववायचीस."

"अगं, मी रातपाळीला असते. वळून बघ एकदा, कोण आहे ते."

रांग सुटली आणि मिने आत ओढली गेली.

पुढच्या सकाळी शिगेनं तिला फाटकात गाठलंच.

"बघितलंस?"

"बघितलं."

"कोण होतं?"

मिने हसली नाही.

"तूच होतीस, ताई... पण डोळे उघडे ठेवून झोपली होतीस."

शिगे ओकुमाबाईकडे गेली. अंथरूण बदलून द्या म्हणाली, रडली. बाई म्हणाली, "आधीच सांगितलं होतं ना तुला." मग शिगेनंच मिनेला नुसत्या जमिनीवर झोपायला सांगितलं. मिने एक रात्र झोपली. दुसऱ्या रात्री गारठा सहन झाला नाही आणि ती परत रजईत गेली.

दुसऱ्या महिन्यात मिनेला खोकला लागला. तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं. गिरणीनं गावी कळवलं की पोरगी घेऊन जा.

मामा न्यायला आला. गाडीनं जमेल तितकं आणि पुढं डोंगरातून चालत, असा चार-पाच दिवसांचा रस्ता होता. मिने त्याच्या पाठीवर होती. फाटकात ती शिगेला म्हणाली, "उन्हाळ्यात येईन परत. जागा देऊ नकोस कुणाला."

पुढचे तीन दिवस अंथरूण गार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला शिगे आली. तिनं रजई उचलली...

गरम होतं.

तिला तिथंच कळलं. पत्र आलं नऊ दिवसांनी. डोंगरातल्या एका धर्मशाळेत, त्याच पहाटे, मिने मामाच्या मांडीवर गेली होती.

"मग तू काय केलंस?" मी आत्याला विचारलं होतं.

"काय करणार? बारा तास उभी होते. संध्याकाळी परत उभं राहायचं होतं. शिरले आत."

"आणि झोप?"

"लागली." हे सांगताना आत्या बहात्तर वर्षांची होती, आणि त्या झोपेची तिला अजून लाज वाटत होती.

ती त्या गिरणीत आणखी पाच वर्षं राहिली. त्याच अंथरुणात. कितीदा तरी झोपेत तिला पाठीशी कुणीतरी असल्याचं जाणवायचं. श्वास लागायचा मानेला.

तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

"भीती वाटायची?" मी विचारलं.

"भुताची नाही गं," आत्या म्हणाली. "न बघता पडून राहिलं की ती मिने असायची. वळून बघितलं असतं आणि मिने नसती तर?"