मयूरीचं लग्न कुणी ठरवलं?

फोन वाजला तेव्हा वसतिगृहात पोरींच्या वेण्या चालल्या होत्या.

विनोदिनीबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे पुण्याच्या संगणक संस्थेतल्या बाई होत्या. आवाज गोड होता, पण बोल बाभळीच्या काट्यासारखे रुतले.

"मयूरीचं लग्न ठरलं म्हणे. अभिनंदन! आम्हाला मात्र वाईट वाटलं हो. एवढी हुशार मुलगी."

"कुणाचं लग्न?"

"मयूरीचं. तिनं स्वतःच ई-मेल केलाय शनिवारी. पुण्याला येणार नाही म्हणते. आम्ही तुमच्या मुख्याध्यापकांनाही काल घरी फोन केला होता."

विनोदिनीबाईंनी दारातून अंगणात बघितलं. दातांत पिन धरून मयूरी पायलच्या वेणीला रिबीन बांधत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. लग्न ठरलेल्या पोरीचं गुणगुणणं वेगळं असतं. हे ते नव्हतं.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा फेब्रुवारी. सांगलीत नव्या हळदीचा वास गल्लोगल्ली फिरत होता आणि दहावीची परीक्षा दाराशी येऊन बसली होती. विनोदिनीबाई शाळेत मराठी शिकवायच्या आणि मुलींचं वसतिगृह सांभाळायच्या. मयूरी म्हसवडची. बाप, धोंडिराम, मुंबईच्या गोदीत ओझी उचलायचा. दहावीनंतर पुण्यात राहून संगणक शिकायची जागा तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती.

मुख्याध्यापकांनी फोन ठेवल्या ठेवल्या मुंबईला निरोप धाडला होता. "पोरीनं परस्पर लग्न ठरवलंय" एवढाच. आज पहाटे निरोपाला उत्तर आलं, तेही तेवढंच. "उद्या सकाळच्या यष्टीनं येतो. पोरीला घेऊन जातो."

म्हणजे हातात होता आजचा दिवस.

---

"हे तू लिहिलंस?"

"न्हाई, बाई."

पुण्याहून शाळेच्या कचेरीत फॅक्सनं आलेला कागद विनोदिनीबाईंनी पुढं सरकवला. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर. *माझं लग्न ठरलं आहे. मी पुण्याला येणार नाही. कृपया परत विचारू नये. मयूरी.*

मयूरीनं कागद दोनदा वाचला. "शनिवारी मी कॅफेत गेलेच न्हाई. काल गेले, तर माझा पासवर्डच चालंना. मला वाटलं मशीन बिघडलं."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?"

मान खाली गेली. "कुणालला. अपूर्वाला. कॅफेवाल्या देवदत्तदादांनी तर काढूनच दिलेला."

"अगं, मग कुलूप तरी कशाला लावलंस?"

"मैत्रीत काय लपवायचं, बाई? कुणालनं त्याचा सांगितला. मग मी माझा कसा नको सांगू?"

विनोदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. मधल्या सुट्टीत बोरं वाटावीत तसे या पोरांनी पासवर्ड वाटले होते.

---

कुणाल आला तो घामेजूनच.

"मी नाही, बाई. विद्येची शपथ."

"ती परीक्षेपर्यंत जपून ठेव, लागेल. तिचा मेल कधी उघडला होतास?"

"एकदा. दिवाळीत. गंमत म्हणून."

"दुसऱ्याच्या घरात गंमत म्हणून शिरतोस?"

"दार उघडंच होतं की."

"दार उघडं असलं म्हणून घर आपलं होत नाही, कुणाल."

त्याचे कान लाल झाले. शनिवारी तो कॅफेत होता, क्रिकेटचा स्कोअर बघत होता. पण साक्षीला कोण? त्याचा तोच.

अपूर्वा डॉक्टरांची मुलगी. ती ताठ उभी राहिली.

"मयूरीची जागा गेली तर कुणाला मिळेल?"

"मला. यादीत तिच्यानंतर माझंच नाव आहे. म्हणून मीच केलं असणार, असंच ना बाई?"

"केलंस?"

"मला जिंकायचं होतं. असं नाही." तिचा आवाज फाटला. "पुण्याची इंग्रजी पत्रं मीच तिला समजावून देते. तिला घालवायचंच असतं तर चुकीचा अर्थ सांगून मोकळी झाले असते."

खरं वाटावं असं बोलणं. पण हुशार पोरं खोटंही खऱ्यासारखंच बोलतात.

शेवटी पायल. दहिवडीची, मयूरीच्या नात्यातली. दोघी एकदमच सांगलीला आल्या होत्या आणि एकाच खोलीत राहायच्या. तिचे डोळे रडून सुजले होते.

"तू जातेस कॅफेत?"

"मयीसंगट जाते कवा कवा. मला त्यातलं काय बी कळत न्हाई, बाई."

"तिचा पासवर्ड?"

"मला कोण सांगतंय?"

"मग एवढी रडतेस कशाला?"

"तिचं आप्पा न्हेतील वो तिला! दहावीचा पेपर बी देऊ द्यायचे न्हाईत. हरणाआत्याच्या जिवाला तर लय घोर लागंल."

विनोदिनीबाईंनी स्वतःच्या पदरानं तिचे डोळे पुसले. पोर हमसून हमसून रडली.

---

विनोदिनीबाई मयूरीला घेऊन विश्रामबागेतल्या देवदत्तच्या इंटरनेट कॅफेत गेल्या. पडद्याआड तीन मशीन होती. प्रत्येकाच्या कडेला त्यानं पोरांसाठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ठळक अक्षरांत, मराठीत. *बाहेर पडताना साइन आउट करा. खाऊच्या हातानं की-बोर्डला शिवू नका. पासवर्ड विसरला? आईचं माहेरचं नाव टाका.*

"शनिवारी इथं कोण बसलं होतं?"

"बाई, शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. तुमची निम्मी शाळा इथंच असते. कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू?" तो मशीनवर वाकला. "पण एक सांगतो. जुना पासवर्ड चालत नाही, म्हणजे कुणीतरी नवा घातलाय."

विनोदिनीबाई स्टुलावर टेकल्या.

कुणालला जुना ठाऊक होता. अपूर्वालाही. या देवदत्तालाही. ज्याच्या हातात किल्ली आहे, तो कुलूप कशाला फोडेल?

"जुना माहीत नसताना कुणी आत कसं शिरेल?"

"विसरलो म्हणून सांगायचं. मग मशीन आपणच आधी निवडलेला एक प्रश्न विचारतं. हा बघा, आईच्या माहेरचा. उत्तर जुळलं की नवा पासवर्ड घालू देतं. मयूरी, मामाचं आडनाव टाक बघू."

मयूरीनं टाकलं. मशीननं नाकारलं.

"असं कसं? प्रश्नाचा अर्थच तो आहे. लग्नाआधीचं आडनाव."

"पण दादा, तुमी चिठ्ठीवर 'नाव' लिहिलंय. मी आईचं नाव टाकलं होतं."

"सुलाबाई?" विनोदिनीबाईंनी विचारलं. शाळेच्या दाखल्यावर तेच होतं.

"ते सासरचं, बाई. माहेरचं निराळं हाय."

मयूरीनं हात पुढं केला. एकेक अक्षर उमटलं. *हरणा.* आणि दार उघडलं.

देवदत्त हसला. "जिंकलीस गं!"

मयूरी हसली नाही. तिची बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, राहू द्या आता."

"काय राहू द्या?"

"हे शोधणं. मीच लिहिलं असं सांगते आप्पांना. जाते गावाला."

सकाळपासून 'मी न्हाई, मी न्हाई' म्हणणारी पोर, दार उघडल्यावरच कशी मागं फिरली?

दोघी परतीच्या रस्त्याला लागल्या. विनोदिनीबाईंना माणदेशातल्या बायांकडून ऐकलेली एक ओवी आठवत होती.

*तांदळाच्या ताटामंदी । अंगठीनं लिव्हलं नाव*
*जुनं नाव ऱ्हायलं मागं । जसा मागं ऱ्हातो गाव*

त्यांचं स्वतःचं 'विनोदिनी' हेही तांदळातलंच नाव. भाऊ अजून 'मधु' म्हणून हाक मारतो. सांगलीत ही हाक ठाऊक असणारं एक माणूस नाही.

त्या रस्त्यातच थबकल्या.

---

सकाळी धोंडिराम व्हरांड्यात उभा होता. अंगावर प्रवासाची धूळ, आवाजात मुरलेला राग.

"पोरीचं सामान बांधा, बाई. जास्त बोलाय लावू नका."

"बांधते. पण आधी आत बसा. हे लग्न ठरवलं कुणी, ते ऐकून मग न्या."

प्रार्थनेच्या खोलीत कुणाल, अपूर्वा, देवदत्त, मयूरी आणि पायल बसली होती. मयूरीनं बाईंकडं हात जोडल्यासारखं बघितलं. विनोदिनीबाईंनी नजर हलवली नाही.

"ज्यांना पासवर्ड ठाऊक होता, त्यांच्यावर आपण संशय घेतला," त्या म्हणाल्या. "आपण उलटं चाललो होतो. कुणाल, अपूर्वा, देवदत्त यांना तो ठाऊकच होता. ते सरळ आत गेले असते, लिहून बाहेर आले असते, आणि मयूरीला पत्ताही लागला नसता. शनिवारी कुलूप फोडलं गेलं. म्हणजे फोडणाऱ्याकडं किल्ली नव्हती."

"कुणी मुद्दामच फोडलं असंल," धोंडिराम म्हणाला. "दुसऱ्यावर आळ यावा म्हणून."

"बरोबर. पण मुद्दाम फोडायलाही त्या प्रश्नाचं उत्तर लागतंच. आईचं माहेरचं नाव. इंग्रजी शिकलेला माणूस तिथं आडनाव टाकेल. देवदत्तनं काल तेच सुचवलं आणि ते चुकलं. कारण आपल्याकडं बाई सासरी आली की तिचं नावच बदलतं, आणि मयूरीनं चिठ्ठी वाचून ते जुनं नाव टाकलं होतं. धोंडिराम, तुमच्या घरात मयूरीच्या आईला काय म्हणतात?"

"सुला. सुलाबाई. सगळा गाव तेच म्हणतो."

"शाळेतही तेच. मग 'हरणा' कोण म्हणतं?"

धोंडिरामाच्या कपाळावरच्या आठ्या हलल्या. "तिच्या माहेरची माणसं. दहिवडीची."

"काल मी चौघांशी बोलले. मयूरीच्या आईचं नाव एकाच तोंडून आलं. 'हरणाआत्याच्या जिवाला घोर लागंल.' मी डोळे पुसत बसले, कान उघडे ठेवले नाहीत. हरणा जिची आत्या, ती हरणाच्या भावाची लेक. आणि मयूरीला हे माझ्याआधी कळलं. तिनं गुन्हा स्वतःवर घ्यायची तयारी केली."

पायल उठली. तिला पळायचं नव्हतं. बसून राहणं तिला जमेना.

"मला इचारलं, मी उत्तर दिलं," ती म्हणाली. "आत्याचं नाव मला ठावं न्हाई व्हय?"

"माझ्या म्हेवण्याची, लालासाहेबाची पोर असून!" धोंडिराम गरजला. "का केलंस गं?"

"आमचं आण्णा म्हणत्यात, मयी हाय तवर सांगलीत ऱ्हा. मयी गेली की तू बी घरी. ती पुण्याला जाणार, लय मोठी हुणार. आन मी? मला बी अकरावी करायची हाय, आप्पा. पुणं हुकलं तर मयी हितंच ऱ्हाईल वाटलं, त्या शाळेला फोन करतील असं न्हाई वाटलं."

"पण लग्नच का लिहिलंस?" विनोदिनीबाईंनी हळूच विचारलं.

"आजारी हाय म्हटलं असतं तर त्यांनी डाक्टरचं इचारलं असतं. अभ्यास झेपत न्हाई म्हटलं तर कुणाला पटलं नसतं. लगीन ठरलं म्हटलं, की पोरीला फुडं कुणी काय इचारत न्हाई."



मयूरी बापाकडं वळली. "तुमी तरी कुठं इचारलंत, आप्पा? आलात ते सामानच बांधायला लावलंत."

धोंडिरामानं डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली आणि मांडीवर ठेवली. ओझी उचलणारा गडी, पण हे वाक्य त्याला उचलेना.

मग मयूरी पायलसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या नावानं लिहिलंस. माझ्या तोंडून बोललीस. मला एकदा इचारायचं तरी हुतंस."

"इचारलं असतं, तर थांबली असतीस?"



"न्हाई," मयूरी म्हणाली.

विनोदिनीबाईंनी दोघींच्या मधे हात घातला नाही. काही गोष्टी पोरींनाच निस्तराव्या लागतात.

"पुण्याच्या बाईंना मी फोन करते," त्या म्हणाल्या. "पण ज्यानं खोटं लिहिलं, खरंही त्यानंच लिहायचं. स्वतःच्या नावानं. आणि लालासाहेबांशी मी बोलेन. ऐकतील की नाही, कोण जाणे."

"मी बी येतो," धोंडिराम खाकरला. "म्हेवणा माझा हाय. त्याला बी इचारू, पोरीच्या मनात काय हाय ते ठावं हाय का म्हणून." मयूरीकडं न बघता तो पुढं म्हणाला, "तू पेपर दे आधी. पुण्याचं... जा. जायचं तर जा."

---

दुपारी कॅफेत देवदत्तनं मशीनच्या कडेच्या 'पासवर्ड विसरला?' चिठ्ठ्या फाडल्या. मयूरी नवा पासवर्ड घालायला बसली, तेव्हा कुणालनं न सांगताच तोंड भिंतीकडं केलं. अपूर्वा बाहेर रस्ता बघत उभी राहिली.

मग शेजारच्या मशीनवर पायल बसली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं लिहायला घेतलं. *मयूरीचं लग्न ठरलेलं नाही. ते खोटं मी लिहिलं होतं.*

"नाव पुरं लिव्हू का, बाई?"

"ज्याचे बोल, त्याचं नाव."

त्या 'न्हाई'नंतर मयूरी तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ती मागं उभी राहून पडद्याकडं बघत होती. थोड्या वेळानं तिनं पायलच्या खांद्याला कोपरानं ढोसलं.

"सरक."

पायल सरकली. मयूरी अर्ध्या स्टुलावर टेकली आणि 'खोटं'मधल्या चुकलेल्या अक्षरावर तिनं बोट ठेवलं. नुसतं काचेवर. की-बोर्डला ती शिवली नाही. ते अक्षर पायलनंच पुसायचं होतं.