ताईचे प्रश्न

पाण्यात उतरण्याआधी थंडी लागू नये म्हणून धाकटीच्या अंगाला चरबी चोपडताना ताईची बडबड चालूच होती. "यंदा तरी नीट उत्तरं दे. नाहीतर सरळ ओढून होडीत घेईन."

"तू प्रश्न तरी सोपे विचार," धाकटी म्हणाली. वल्ही लावत बसलेले भावोजी हसले.

ही रीत त्यांची त्यांनीच पाडली होती. डोंगरमाथ्यावरचं ते तळं म्हणजे वितळलेलं बर्फच. त्यात हातपायांआधी डोकं बधिर होतं आणि पोहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दर थांब्याला ताई दोरीला बांधून साखरपाण्याची कोमट बाटली टाकायची आणि घरातलंच काहीतरी विचारायची. उत्तर चुकलं की पोहणं संपलं. गेल्या वर्षी भर तळ्यात धाकटीने स्वतःच्या घराचा रंग चुकीचा सांगितला होता. मग वर्षभर जो भेटेल तो तिला घराचा रंग विचारून दात काढायचा. ते तळं आजवर कुणीच पोहून पार केलं नव्हतं. ते करीन तर मीच, असा तिचा ताठा होता, आणि तिला तो शोभायचाही.

सकाळभर ती झकास पोहली.

"तुझे भावोजी घोरतात का?" ताईने विचारलं.

"छप्पर उडेल इतके."

होडीत हशा पिकला.

दुपार कलली तसं पाणी काळं दिसू लागलं. बोटं मिटेनात. पुढची बाटली आली, तेव्हा ताईने विचारलं, "आईचं शिलाई मशीन कुठे ठेवलंय?"

धाकटीच्या डोळ्यांपुढे मशीन आलं, त्याचं घासलेलं चाकही आलं. जागा मात्र काही केल्या आठवेना. गेलं हेही वर्ष, असं तिला वाटलं.

"जिन्याखाली," तिचाच आवाज म्हणाला. तिच्या मागून, अगदी पाण्याला लागून.

"शाब्बास," ताई म्हणाली.

धाकटीने वळून पाहिलं. मागे सपाट पाणी होतं. आपले ओठ हललेच नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सांगावं तर ओढून घेतील, आणि समोर किनाऱ्यावरचे दगड दिसायला लागले होते. ती मुकाट्याने हात मारू लागली.

पुढच्या थांब्याला तिने आठवायची तसदीही घेतली नाही. आवाजाने उत्तर दिलं, वर ताईची चेष्टाही केली. ताई सकाळपेक्षा जास्त हसली.

शेवटचं उत्तर मात्र तिला येत होतं. ती बोलली. ऐकू आला तो मागचाच आवाज.

मग हाताला दगड लागले. कुणाचाही हात न धरता ती काठावर चढली आणि ताठ उभी राहिली. तिचा ऊर भरून आला. कुणालाच न जमलेलं तिने करून दाखवलं होतं.

होडी जराशी पलीकडे टेकली. ताई टॉवेल घेऊन रडत, हसत धावत आली.

जमलं, ताई, असं धाकटीने म्हटलं. तिचे ओठ तेवढे हलले.

"जमलं, ताई," पाण्यातून आवाज आला.

ताई तिच्या शेजारून पुढे गेली. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिने टॉवेल पसरला.

"माझी वाघीण गं ती," ती म्हणाली. "ये, बाहेर ये आता."

धाकटीने भावोजींकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

ताईने समोरच्या रिकाम्या जागेभोवती टॉवेल मायेने गुंडाळला. तो खाली पडला नाही. हळूहळू भिजत गेला.